‘मिठागर’ वाजलंच नाही

सारीकामिश, २४ मे १९९६

प्रिय नेझाहत मावशी,

आधी तुझ्या हातांना ओठ टेकतो आणि मग लगेच रडगाणं सुरू करतो.

मला रजा मिळाली नाही. सुभेदारांना खरं कारण सांगितलं, तिथंच चुकलं. ‘आजी वारली’ म्हणून तिघं जण घरी जाऊन आले, त्यातल्या एकाची तर आजी या वर्षात दोनदा वारली. मी मात्र सरळ सांगितलं, ‘साहेब, पंधरा जूनला इझमिरला इस्केले आहे.’ ते म्हणाले, ‘इस्केले म्हणजे बोटीचा धक्का ना? तो कुठं पळून जातोय?’ मी म्हटलं, ‘धक्का नाही साहेब, बँड आहे.’ त्यांनी मला बटाटे सोलायला पाठवलं. सक्तीच्या लष्करी नोकरीचे चारशे अडतीस दिवस उरलेत, बटाटे किती उरलेत ते सांगता येत नाही.

तेव्हा आता तू जायचंस. हसू नकोस! तिकीट माझ्या टेबलाच्या खणात निळ्या वहीत आहे. सहावी रांग, एकेचाळीस नंबर. आईला पाठवलं असतं, पण ती ड्रमच्या पहिल्या ठोक्याला उठेल आणि आजूबाजूच्या चार पोरांना कानाला धरून घरी नेईल. तू तेहतीस वर्षं न्यायालयात साक्षीदारांचं बोलणं जसंच्या तसं टाइप केलंस. मला नुसतं ‘छान झालं’ नकोय. कुठलं गाणं कितवं, मध्ये हालदुन काय बोलला, सगळं हवंय. आणि मुख्य म्हणजे ‘मिठागर’. त्यात मधे फेरुहची गिटार एकटी वाजते. कॅसेटवर ती चार मिनिटं दहा सेकंद आहे. गेल्या वर्षी बोर्नोव्हाला त्यानं सहा मिनिटं वाजवली होती, मी टोपी हवेत फेकली ती अजून खाली आलेली नाही.

इथं शेजारच्या खाटेवर अंकाराचा रिफ्की आहे. तोही इस्केलेचाच भक्त, पण म्हणतो, ‘मिठागर’ कॅसेटवरच ऐकावं, मैदानात ते रबरासारखं ताणलं जातं. अशा माणसाच्या शेजारी मी रोज झोपतो, मावशी.

बेचाळीस नंबरवर कुणी असलं किंवा नसलं तरी तू लक्ष देऊ नकोस.

तुझा,
तुंजा

ता. क. पत्रं इथं उघडून वाचतात आणि वर ‘पाहिले’ असा शिक्का मारतात. सुभेदारांबद्दल दोन शब्द बरे लिहीत जा.


कार्शियाका, १७ जून १९९६

तुंजा बाळा,

तुझ्या दोन्ही डोळ्यांचा मुका घेते. सुभेदारसाहेबांना सलाम. बटाटे सोलून कुणी मेलेलं नाही.

आता पंचनामा. पत्रिकेवर साडेआठ छापलं होतं, आरोपी नऊ वाजून बारा मिनिटांनी रंगमंचावर हजर झाले. एकूण चार. गळ्यात गिटार अडकवलेले दोन, ढोलांच्या मागे लपलेला एक, आणि तो तुझा हालदुन, ज्याच्या शर्टाला वरून तीन बटणं नव्हती. मी कानात कापूस घालून, बुडाखाली घरची उशी घेऊन, मांडीवर वही उघडून बसले होते. मागच्या पोरानं विचारलं, ‘काकू, तुम्ही पोलिसांकडून का?’ मी म्हटलं, ‘न्यायालयाकडून.’ त्यानं त्याची बाटली लपवली.

पहिलं ‘बंदरातला कोळसा’. दुसरं ‘दीपस्तंभ’, यात हालदुनचा आवाज वर पोचला नाही, मी नोंद केली. इतक्यात बेचाळीस नंबरवर एक मुलगी आली. केस पोरासारखे कापलेले, धापा टाकत आलेली. माझ्याकडे तिनं असं बघितलं की जणू मी तिच्या मांजरावर बसले होते. ‘ही तुमची जागा?’ म्हणाली. मी तिकीट दाखवलं. बेचाळीसवर टेकली. मी तिला सूर्यफुलाच्या बिया दिल्या. न्यायालयात मी एक गोष्ट शिकले, प्रश्न विचारला की माणूस तोंड मिटतो, बिया दिल्या की उघडतो. मी म्हटलं, ‘गाणारा बेसूर आहे.’ ती उसळलीच! ‘काकू, तो बेसूर नाही, तो मुद्दाम खाली ठेवतो, म्हणजे पुढं गिटार वर जाते तेव्हा अंगावर येते!’ आम्ही दोन गाणी भांडलो. चौथं ‘तिसरी बोट’ लागलं तेव्हा मात्र ती रडली. म्हणाली, ‘हे आज नको होतं.’

आता तुझं ‘मिठागर’. वाजलंच नाही. लोक आठव्या गाण्यापासून ओरडत होते, ‘मिठागर! मिठागर!’ दगडी पायऱ्यांवर पाय आपटत होते. हालदुन माइकपाशी आला, म्हणाला, ‘आज नाही.’ कारण दिलं नाही. आणि मग त्यांनी काय वाजवलं ठाऊक आहे? ‘मेंढरं गेली डोंगरापार’! तुझी आजी पीठ मळताना गायची ते लोकगीत! अर्ध्या लोकांनी शिट्ट्या मारल्या, कागदी पेले फेकले. पण तुंजा, त्या जाड तारांच्या गिटारीनं खालून अशी काही घरघर धरली की उशीतून माझ्या मणक्यात चढली. मी कानातला कापूस काढला. काढला तो गेलाच, कुठं पडला माहीत नाही. ती मुलगी शिट्ट्या मारणाऱ्यांना उभी राहून शिव्या देत होती आणि मी, बासष्ट वर्षांची सेवानिवृत्त बाई, तिच्या शेजारी उभी राहून गात होते.

नोंद संपली. सही,
तुझी मावशी

ता. क. त्यांची आणखी कॅसेट आहे का?


सारीकामिश, २७ जून १९९६

मावशी,

तुझं पत्र मी बराकीत मोठ्यानं वाचलं. एकदा नाही, तीनदा! बटणांपाशी सगळे हसले, पेल्यांपाशी दोन तट पडले.

पण आधी माझं ऐक. इझमिरमध्ये, स्वतःच्या गावात, ‘मिठागर’ न वाजवणं म्हणजे लग्नात नवरदेवानंच न येणं! ज्या मिठागरांवर ते गाणं केलं ती तिथून दिसतात! आणि त्याच्या जागी काय, तर मेंढरं! अगं, लोकगीतं काय रेडिओवर लागतातच की. त्यासाठी इस्केले कशाला हवं? हे घाबरलेत, मावशी. म्हाताऱ्यांना खूष करून टीव्हीवर जायचं आहे यांना.

यावर सिवासचा एक पोरगा, ज्यानं जन्मात गिटार पाहिली नाही, उभा राहून म्हणाला, ‘ते गाणं आमच्या बाजूचं आहे, तोंड सांभाळ.’ रिफ्की लगेच त्याच्या बाजूनं. चमचे वाजवून त्यांनी ते गाणं म्हणून दाखवलं. गोंगाट ऐकून सुभेदार आले. मला वाटलं, संपलं. ते दारात उभं राहून ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘दुसरं कडवं चुकवताय.’ आणि स्वतः म्हणाले! तरीही माझं मत बदललेलं नाही.

आणि हो. ती शेजारची मुलगी. ती ‘तिसरी बोट’च्या कुठल्या कडव्याला रडली? पहिल्या की शेवटच्या? एकटीच होती का? मागं वळून वगैरे बघत होती का? काही विशेष नाही, नोंद पूर्ण असावी म्हणून विचारतो.

तुझा,
तुंजा


कार्शियाका, ५ जुलै १९९६

तुंजा,

तेहतीस वर्षं मी खोटं बोलणाऱ्यांच्या समोर बसून टाइप केलं. जो साक्षीदार ‘काही विशेष नाही’ म्हणतो त्याच्याच घरात मुद्देमाल सापडतो. तिकिटं तू दोन काढली होतीस. एकेचाळीस तुझ्या खणात, बेचाळीस त्या मुलीच्या हातात. माझं डोकं मीच बडवून घेतलं.

हे मला मागाहून कळलं. तोवर काही ठाऊक नव्हतं, आणि मी भोळेपणानं केमेराल्तीच्या बाजारात कॅसेट घ्यायला गेले. त्या बोळातल्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. दहाबारा पोरं तावातावानं भांडत होती, ‘मिठागर’ का वाजलं नाही म्हणून. मी म्हटलं, ‘बाळांनो, वेळेनुसार नोंद माझ्याकडे आहे.’ पिशवीतून वही काढली. तुंजा, माझ्या आयुष्यात इतक्या शांतपणे माझं कुणी ऐकलं नाही, न्यायाधीशांनी तर नाहीच. लगेच खुर्ची आली, चहा आला. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, ‘दीपस्तंभमध्ये तो बेसूर होता असं लिहिलंय का अजून?’ तीच! पेलिन नाव. जहाजबांधणी शिकते. तिनं माझ्या वहीतली ती ओळ खोडायला लावली नाही, खाली ‘यास हरकत’ असं लिहून सही केली. मला पोरगी आवडली.

बोटीनं आम्ही बरोबरच परत आलो. वरच्या डेकवर तिनं आपणहून सांगितलं. एक मित्र होता. सैन्यात निघायच्या आदल्या दिवशी याच बोटीवर तो म्हणाला, ‘दीड वर्षाचा प्रश्न आहे, माझ्यासाठी थांबू नकोस.’ आणि दुसऱ्या धक्क्यावरच उतरून गेला, त्याचं घर चौथ्या धक्क्याला असून! ती कार्यक्रमाला आली ती तो रजेवर येईल म्हणून. चार गोष्टी त्याला सुनवायच्या होत्या. खुर्चीत बघते तर वही घेतलेली काकू.

तू माझा भाचा आहेस हे मी लपवलं. आता तू बोल. शपथेवर.

मावशी


सारीकामिश, १५ जुलै १९९६

मावशी,

शपथेवर.

मला वाटलं होतं मी मोठं मन दाखवतोय. चित्रपटात दाखवतात तसं. बोलून झाल्यावर तिनं नुसतं ‘बरं’ म्हटलं, एवढंच. मी पुढचा धक्का आला तसा उतरलो आणि पायी घरी गेलो. खरं सांगू? ती थांबणार नाही ही भीती मलाच होती. तिनं तसं म्हणायच्या आत मी म्हणून टाकलं.

‘मिठागर’चं असं आहे. बोर्नोव्हाला ती गिटार सहा मिनिटं चालू होती तेव्हा आम्ही पहिल्यांदा एकमेकांचा हात धरला होता. गर्दीत ढकलाढकली होती म्हणून धरला, असं दोघांनीही नंतर म्हटलं. मला वाटलं, मी नसलो तरी ते गाणं वाजेल, ती शेजारी बसलेली असेल, आणि तुझ्या पत्रातून मला कळेल की तेव्हा तिचा चेहरा कसा होता. म्हणून तुला पाठवलं. सगळं सांगून पाठवायला हवं होतं.

सोबत तिच्यासाठी चिठ्ठी ठेवली आहे. देशील का? रिफ्कीनं मदत केली, त्याचं अक्षर चांगलं आहे.

तुंजा


कार्शियाका, ९ ऑगस्ट १९९६

तुंजा बाळा,

चिठ्ठी दिली नाही. वाचली. तुझ्या छावणीत वाचतात, मग मी का नको? अकरा ओळींत ‘कर्तव्य’ तीनदा आलंय. अशा चिठ्ठ्या सरकारकडून येतात. ती फाडली, शेगडीत टाकली.

पेलिनला मात्र मी कोण ते सांगितलं. हसली! म्हणाली, ‘काकू, तुम्ही बिया सोलताना अगदी त्याच्यासारखी एक भुवई वर करता. मला पहिल्याच दिवशी कळलं.’ म्हणजे महिनाभर मी तिला फसवत होते आणि ती मला.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्या कारणासाठी. नीट वाच, आणि हे मोठ्यानं वाचू नकोस.

दुकानातल्या पोरांनी अर्ज करायचं ठरवलं. सात सप्टेंबरला फोचात बंदराजवळच्या मैदानात इस्केलेचा दुसरा कार्यक्रम आहे, तिथं ‘मिठागर’ वाजलंच पाहिजे, नाहीतर आम्ही पाठ फिरवून उभे राहू. मसुदा कुणी टाइप करायचा? मीच केला. दोनशे बारा सह्या झाल्या. मी खाली स्वतःची टीप जोडली, ‘लोकगीतही ठेवावे.’ मंगळवारी अर्ज घेऊन अल्सानजाकला त्यांच्या तालमीच्या जागी गेले. फेरुह एकटाच होता. तरुण पोरगा रे, तिशीचा असेल. मला चहा दिला, स्वतःचा पेला डाव्या हातानं उचलायला गेला, आणि तो पेला निसटून बशीत आडवा झाला.

आमच्या कचेरीतल्या सेलमाची बोटं अशीच झाली होती, वीस वर्षं टाइप केल्यावर. मी विचारलं, ‘किती बोटं?’ त्यानं बशीतला चहा फडक्यानं टिपला. मग म्हणाला, ‘करंगळी आणि शेजारचं. मार्चपासून. दोनदा कापाकापी झाली.’ मी म्हटलं, ‘परत येतील?’ तो म्हणाला, ‘डॉक्टर हो म्हणत नाहीत. नाहीही म्हणत नाहीत.’ बाकी सगळी गाणी त्यानं उरलेल्या बोटांवर बसवून घेतली आहेत. ‘मिठागर’ बसत नाही. मेंढरांचं गाणं बसतं, म्हणून ते घेतलं. आणि आपण काय म्हणत होतो? घाबरलेत, टीव्हीवर जायचंय.

कुणाला सांगू नका म्हणाला. ‘लोकांनी कीव करत ऐकलेलं मला चालणार नाही. त्यापेक्षा पेले फेकू देत.’

मी अर्ज पिशवीतून काढलाच नाही. आता दोनशे बारा लोक मला रोज विचारतात, ‘काकू, काय म्हणाले?’ फक्त पेलिनला सांगितलंय. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?

मावशी


सारीकामिश, १८ ऑगस्ट १९९६

मावशी, मावशी, मावशी!

तुझं पत्र घेऊन मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलो. मी फेरुहला काय काय म्हणालो होतो ते आठवून स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं वाटलं. दोन दिवस तसेच गेले.

तिसऱ्या दिवशी बटाटे. आम्ही सहा जण गोल बसलो होतो. आणि कुणीतरी, नेहमीसारखंच, ‘मिठागर’ गुणगुणायला लागलं. शब्द नव्हे, गिटार! ता-नी-ना, ता-ना-नी-ना. माझी सुरी थांबली. कारण गुणगुणणारा रिफ्की होता! ज्याला ते गाणं मैदानात रबर वाटतं तो! त्याला चारही मिनिटं पाठ होती, ते मधलं अवघड वळणसुद्धा. मग बाकीचे मिसळले. सिवासचा पोरगापण! त्यानं ते कधी ऐकलंच नाही, आमच्याच तोंडून त्याला पाठ झालंय.

मावशी, ती गिटार आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे! वाजवायला फेरुहला दहा बोटं लागतात, गायला आपल्याला एकही लागत नाही! तो मागे उभा राहू दे, जमेल ती एक तार धरू दे. लोकच गातील! कुणाला कारण सांगायचं नाही. एवढंच सांगायचं की ती जागा आली की गायचं. कीव कसली त्यात, ती तर त्याच्यासाठी सलामी होईल!

पण त्याला आधी विचार. तो नको म्हणाला तर नको. मग मी स्वतः पेलिनच्या सगळ्या मित्रांना पत्रं लिहीन की ‘मिठागर’ रबर आहे, मैदानात वाजवू नये. काळजावर दगड ठेवून लिहीन.

धावत पत्रपेटीकडे निघालोय,
तुंजा


कार्शियाका, ९ सप्टेंबर १९९६

तुंजा,

आवाज पूर्ण गेला आहे, पेलिनचाही, म्हणून दोघी एकमेकींना चिठ्ठ्या लिहून बोलतो आहोत. मला क्रमानं लिहायचंय पण हात ऐकत नाही.

फेरुहकडे गेले होते. तुझं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, ‘लोकांना येतं ते?’ मी म्हटलं, ‘मला येतं.’ ‘तुम्हाला?’ मी उभी राहिले, पर्स खुर्चीवर ठेवली आणि सुरुवात केली. पहिल्या वळणावर तो हसला. मला वाटलं माझी थट्टा करतोय. तिसऱ्यावर त्यानं हात वर केला. ‘थांबा, इथं चुकता. खाली येताना एक पायरी सोडता.’ आणि मग, तुंजा, त्यानं स्वतः गाऊन दाखवलं. तासभर शिकवलं मला! हालदुन आला, दारातच थिजला. म्हणाला, ‘मार्चपासून यानं या गाण्याचं नाव काढू दिलेलं नाही.’

फोचाला अर्धं इझमिर लोटलं होतं. पेलिन आणि दुकानातली पोरं रांगारांगांतून फिरून सांगत होती, ‘गिटारची जागा आली की गायचं.’ लोक म्हणत, ‘का?’ पेलिन म्हणे, ‘येत नाही का तुला?’ मग काय विचारतोस, प्रत्येक जण छाती काढून म्हणे, ‘मला नाही येत?’

दहाव्या नंबरावर हालदुननं ‘मिठागर’चा पहिला शब्द उच्चारला तेव्हा जो आरडाओरडा झाला त्यानं बंदरातली बदकं उडाली. दोन कडवी झाली. ती जागा आली. फेरुहनं गिटारीवरून हात काढला, खाली सोडला. एकदम सामसूम. एक ठोका गेला, दोन गेले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आणि माझ्या शेजारून पेलिननं सुरू केलं, एकटीनं, भसाड्या आवाजात, आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप वरून. दुसऱ्या वळणाला आमची रांग होती. तिसऱ्याला, अरे, सगळं मैदान! बोटींवरचे मासेमार, टपऱ्यांवरचे शिंपलेवाले, बायाबापड्या! मधल्या अवघड जागी पन्नासेक गाढवं चुकली, एक पायरी सोडली, फेरुहनं तोंडानंच ‘नाही नाही’ म्हणत हातानं खूण करून सगळ्यांना खाली आणलं. मग त्यानं एक तार धरली, जाड, एकच, आणि आमच्या खाली लावून ठेवली. तो रडत होता की हसत होता हे मी नोंदवू शकत नाही. माझा चष्मा ओला होता.

पाच मिनिटं वीस सेकंद. घड्याळ पेलिनचं.

टीका हवीच ना? परतीच्या बसमध्ये एक मिशीवाला म्हणत होता, ‘गिटार ऐकायला आलो होतो, स्वतःच गायचं तर न्हाणीघरातही गातो की.’ अर्धी बस त्याच्यावर तुटून पडली, अर्धी त्याच्या बाजूनं झाली. मेनेमेन येईपर्यंत भांडत होतो. ‘दीपस्तंभ’ पुन्हा बेसूर गायला. पेलिनची पुन्हा हरकत. लोकगीताला या वेळी एकही शिट्टी नाही.

घशासाठी लिंडेनच्या फुलांचा काढा पिते आहे.

तुझी मावशी


कार्शियाका, १० सप्टेंबर १९९६

तुंजा,

काकूंनी तुला सगळं लिहिलं असेल, माझा आवाज भसाडा म्हणून लिहिलं असेल, तेही खरं आहे.

दोन ठोके कुणी गायलं नाही तेव्हा मला वाटलं, आता कुणीच गाणार नाही, आणि तो माणूस एवढ्या लोकांसमोर हात खाली सोडून उभा राहील. म्हणून सुरू केलं. धीर-बीर काही नव्हता. ते दोन ठोके सहन होत नव्हते एवढंच.

तुझी चिठ्ठी काकूंनी जाळली हे बरं केलं. पण तू त्यांना लिहिलेली बाकीची पत्रं त्यांनी मला काल चहाबरोबर वाचायला दिली. सगळी. पंधरा जुलैचंही. ‘गर्दीत ढकलाढकली होती म्हणून हात धरला.’ तुंजा, गर्दी आपल्या मागे होती. आपण कठड्याला टेकून उभे होतो. आपल्याला कुणी ढकललं नाही.

‘तिसरी बोट’बद्दल तू एकाही पत्रात अवाक्षर काढलं नाहीस. कडवं कुठलं ते विचारलंस, गाण्याबद्दल काही नाही. माझं म्हणणं आहे की ते त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं आहे, ‘मिठागर’पेक्षाही. त्यात गिटार फार कमी आहे म्हणून तुम्हा पोरांना ते दिसतच नाही. यावर मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि कागदावर नाही. त्या शिक्कावाल्यानं आपलं भांडण वाचलेलं मला नकोय.

पूर्वेकडच्या आगगाडीचं तिकीट काढलंय. शनिवारी, एकवीस तारखेला, दुपारी सारीकामिशला उतरते. गावात जायची परवानगी काढून ठेव. सुभेदारांना खरं कारण सांग, या वेळी ऐकतील असं काकूंना वाटतं. फोचाचा सगळा कार्यक्रम मी छोट्या टेपवर भरून घेतलाय. लोकांच्या ओरडण्यात ‘मिठागर’ अर्धं बुडालंय, पण ‘तिसरी बोट’ स्वच्छ आहे.

ते ऐकून होईपर्यंत मत बनवू नकोस.

पेलिन